विद्यार्थ्यांची निरीक्षणे आणि यंत्राची पारख

विज्ञानाच्या अध्यापनात निरीक्षणाला पहिले स्थान आहे, याविषयी शिक्षणक्षेत्रात दुमत नाही. वस्तू पाहावी, तिचे मापन करावे, पाहिलेले नेमक्या शब्दांत नोंदवावे आणि त्या नोंदीवरून अनुमान काढावे, हा क्रम प्राथमिक इयत्तांपासून शिकविला जातो. तथापि विद्यार्थ्याने निरीक्षण कसे केले याची पारख करण्याची वेळ येते तेव्हा आपण बहुधा त्याची उत्तरपत्रिकाच हाती घेतो. प्रत्यक्ष पाहण्याची क्रिया तोवर घडून गेलेली असते आणि शिक्षकासमोर तिचा लेखी अवशेष तेवढा उरतो. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या शेजारी उभे राहून तो काय पाहतो, कोणत्या क्रमाने पाहतो आणि कोठे चुकतो हे टिपणे एका शिक्षकास शक्य होत नाही.

या अडचणीवर गेल्या सुमारे वीस वर्षांत, प्रामुख्याने अमेरिकेतील काही विद्यापीठांत, एक निराळा मार्ग चोखाळला जात आहे. विद्यार्थ्यांना संगणकावरील खेळात किंवा आभासी प्रयोगशाळेत निरीक्षणाचे काम द्यावयाचे, त्यांची प्रत्येक कृती व प्रत्येक नोंद संगणकाने साठवावयाची आणि त्या नोंदींची प्रतवारी करण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घ्यावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. ही पद्धती कशी चालते, तिची विश्वसनीयता कशी तपासतात, ती कोठे अपुरी पडते आणि आपल्या शाळांनी तिच्यापासून काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळातील प्रयोगभूमी

‘माइनक्राफ्ट’ हा खेळ शहरी भागातील अनेक मुलांच्या परिचयाचा आहे. स्वीडनमधील मोजांग या कंपनीने तयार केलेला हा खेळ २०११ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. चौकोनी ठोकळ्यांनी बनलेल्या विस्तीर्ण जगात खेळाडू हिंडतो, खणतो, बांधतो. या खेळाची मांडणी बदलता येते. त्यामुळे अभ्यासकांना आपल्या उद्दिष्टानुसार नवे भूप्रदेश रचणे शक्य झाले.

इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन येथील संशोधकांनी, एच. चॅड लेन यांच्या नेतृत्वाखाली, या सोयीचा उपयोग खगोलशास्त्र व पृथ्वीविज्ञान शिकविण्यासाठी केला. ‘व्हिमक’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकल्पास अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे साहाय्य मिळाले आहे. ‘असे झाले असते तर?’ हा त्यातील मूळ प्रश्न होय. पृथ्वीला चंद्रच नसता तर? सूर्य आजच्याहून थंड असता तर? अशा कल्पित पृथ्वीवर आणि सूर्यमालेबाहेरील ग्रहांच्या प्रतिकृतींवर विद्यार्थी फेरफटका मारतात, तापमानासारख्या राशी मोजण्याची साधने वापरतात आणि जेथे काही विशेष दिसेल तेथे आपले निरीक्षण टंकलिखित करून ठेवतात. ती नोंद त्या जागी फलकासारखी उभी राहते. फिलिपीन्समधील अटेनिओ द मनिला विद्यापीठाच्या संशोधकांनीही आपल्या देशातील विद्यार्थ्यांबरोबर या साधनाचा उपयोग केला आहे.

चंद्रहीन पृथ्वीचे उदाहरण अध्यापनाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. नील कॉमिन्स या खगोलशास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या कल्पनेचा सविस्तर विचार केला होता. चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे अब्जावधी वर्षांत मंदावत आले. चंद्र नसता तर दिवस सुमारे आठ तासांचाच राहिला असता, असा त्यांचा अंदाज आहे. पृथ्वी वेगाने फिरत राहिल्याने वारे अधिक जोराचे झाले असते आणि भरती केवळ सूर्यामुळे, म्हणजे आजच्यापेक्षा बरीच कमी, आली असती. अशा जगात गेलेल्या मुलाला पाठ्यपुस्तकातील वाक्य जसेच्या तसे उतरवून काम भागत नाही. समोर जे दिसते ते त्याला स्वतःच शब्दांत मांडावे लागते. निरीक्षणक्षमता तपासण्यास अशी अपरिचित परिस्थिती म्हणूनच उपयुक्त ठरते.

नोंदींचे वर्गीकरण

एका वर्गातील मुलांनी दोन-तीन तासांत केलेल्या नोंदींची संख्या सहज काही शेकड्यांत जाते. त्या वाचून त्यांची प्रत ठरविण्यासाठी प्रथम निकष लागतात. वर्णन, तुलना, साम्य, अनुमान यांसारखे प्रकार पाडून संशोधकांनी अशा नोंदींचा अभ्यास केला आहे. वाचकांना कल्पना यावी म्हणून येथे रचलेली काही उदाहरणे पाहू.

‘येथे झाडे कमी आहेत’ हे वर्णन झाले. ‘आपल्या पृथ्वीपेक्षा येथे वारा जास्त जोराचा आहे’ ही तुलना झाली. ‘ही जमीन वाळलेल्या तळ्याच्या तळासारखी दिसते’ या नोंदीत साम्य शोधले आहे. ‘वारा जोराचा असल्यामुळे उंच झाडे तग धरत नसावीत, म्हणून सगळी झाडे ठेंगणी आहेत’ हे अनुमान असून त्यास कारणाची जोड आहे. ‘हा खेळ छान आहे’ हे वाक्य मात्र निरीक्षण नव्हे.

या प्रकारांत अनुमानच तेवढे श्रेष्ठ आणि वर्णन कनिष्ठ, असा समज करून घेऊ नये. बारकाईने केलेले साधे वर्णन हे घाईने काढलेल्या अनुमानाहून अधिक मोलाचे असू शकते. विद्यार्थ्याच्या नोंदी कालांतराने कोणत्या प्रकारांकडे सरकतात, मोजमापाचा आधार ते घेऊ लागतात की नाही, पाहिलेले आणि तर्काने ठरविलेले यांतील भेद त्यांना कळतो की नाही, हे शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. कोणत्या नोंदीस चांगली म्हणावयाचे याचा निर्णय प्रथम माणसांनी घ्यावा लागतो, ही बाब येथे ध्यानात ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे.

यंत्र कसे शिकते

लिखित मजकुराची यंत्राकडून तपासणी ही कल्पना नवी नाही. एलिस पेज या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९६६ सालीच निबंधांचे गुणदान संगणकाकडून करविण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्यांच्या पद्धतीत निबंधाची लांबी, शब्दांची लांबी यांसारख्या मोजता येणाऱ्या बाह्य खुणांवर भिस्त होती.

आजची पद्धती याहून पुढे गेली आहे. तथापि तिचे मूलतत्त्व समजण्यास कठीण नाही. प्रथम काही शेकडा किंवा हजार नोंदी जाणकार शिक्षक वाचतात आणि प्रत्येकीवर प्रकाराची व प्रतीची खूण करतात. खुणा केलेला हा संच संगणकास दिला जातो. कोणत्या शब्दांच्या व रचनांच्या संगतीने शिक्षकांनी कोणती खूण केली, याचे संख्याशास्त्रीय नाते संगणक शोधतो. त्यानंतर यापूर्वी न पाहिलेली नोंद समोर आली की तिच्यावर शिक्षकांनी बहुधा कोणती खूण केली असती, याचा तो अंदाज बांधतो. पूर्वी हे नाते सुट्या शब्दांच्या वारंवारतेवरून शोधले जाई. २०१८ साली गूगलच्या संशोधकांनी ‘बर्ट’ नावाची भाषा-प्रतिमाने प्रसिद्ध केली. तेव्हापासून शब्दाचा संदर्भ लक्षात घेणाऱ्या प्रतिमानांचा वापर वाढला. एकच शब्द दोन वाक्यांत निरनिराळ्या अर्थाने आला तर तो भेद अशा प्रतिमानांस बऱ्याच अंशी ओळखता येतो.

या वर्णनावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. यंत्राजवळ विज्ञानाचे स्वतंत्र निकष नसतात. ज्या शिक्षकांनी आरंभी खुणा केल्या त्यांची दृष्टी ते उचलते आणि ती हजारो नोंदींना लावते. खुणा करणाऱ्यांनी लांबलचक वाक्यांना झुकते माप दिले असेल तर यंत्रही ते देईल. त्यांनी मुलाच्या साध्या भाषेतील अचूक निरीक्षणाची कदर केली असेल तर यंत्रातही ती उतरेल.

कृतींची नोंद

लेखी नोंदीइतकीच महत्त्वाची सामग्री खेळातील कृतींतून मिळते. मुलाने कोठे थांबून पाहिले, कोणते साधन किती वेळा वापरले, एकच मापन पुन्हा घेतले काय, ही माहिती कागदावरील उत्तरात कधीच उतरत नाही.

मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर पॉलिटेक्निक संस्थेत जॅनिस गोबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली ‘इंक-इट्स’ ही प्रणाली या दृष्टीने अभ्यासनीय आहे. तिला काटेकोर अर्थाने खेळ म्हणता येणार नाही. ती आभासी प्रयोगशाळा आहे. तिच्यातील एका प्रयोगात बर्फ तापवून त्याचे पाणी व वाफ करावयाची असते. बर्फाचे प्रमाण, भांड्याचा आकार, उष्णतेची तीव्रता आणि झाकण असणे वा नसणे, असे चार घटक विद्यार्थ्यास बदलता येतात. बर्फाचे प्रमाण वाढविल्यास वितळण्याचा बिंदू बदलतो काय, असा प्रश्न समोर असेल तर बाकीचे तीन घटक कायम ठेवून केवळ प्रमाण बदलले पाहिजे. जो विद्यार्थी एकाच वेळी भांडेही बदलतो आणि उष्णताही वाढवितो, त्याच्या हाती आलेल्या निष्कर्षास आधार राहत नाही.

विद्यार्थ्यांच्या कृतींचे छोटे छोटे तुकडे माणसांनी वाचले आणि कोणत्या तुकड्यात प्रयोगाची आखणी पद्धतशीर आहे हे ठरविले. त्यावरून संगणकास ती पारख शिकविण्यात आली. विद्यार्थी अडखळला की शिक्षकाच्या पडद्यावर त्याची सूचना येते आणि तास चालू असतानाच शिक्षक त्याच्याजवळ जाऊन मदत करू शकतो. परीक्षा आटोपल्यावर लाल शाईने चूक दाखविण्यापेक्षा चूक घडत असताना मिळालेली ही मदत विद्यार्थ्यास अधिक उपकारक ठरते, हे अनुभवी शिक्षकांस सांगावयास नको.

फ्लोरिडा राज्य विद्यापीठातील व्हॅलेरी श्यूट यांनी या विचारास ‘अदृश्य मूल्यमापन’ अशा आशयाचे नाव दिले. त्यांच्या भौतिकशास्त्राच्या खेळात मुले पडद्यावर उतार, तरफ, लंबक रेखाटून हिरवा चेंडू लाल फुग्यापर्यंत पोहोचवितात. चाचणी चालू आहे अशी जाणीव मुलास न होता त्याच्या प्रयत्नांवरून त्याच्या आकलनाचा अंदाज बांधला जातो. नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाच्या ‘क्रिस्टल आयलंड’ या खेळात एका बेटावरील संशोधकांना झालेल्या आजाराचे कारण विद्यार्थ्यांनी शोधावयाचे असते. तेथेही त्यांच्या शोधाचा मार्गच त्यांच्या आकलनाचा पुरावा ठरतो.

पाहणारा आणि लिहिणारा

‘इंक-इट्स’च्या अभ्यासातून पुढे आलेला एक निष्कर्ष शिक्षकांनी व शिक्षणाधिकाऱ्यांनी विशेष लक्षपूर्वक पाहावा असा आहे. विद्यार्थ्याने प्रयोगात काय केले आणि त्याने आपल्या शब्दांत काय लिहिले, यांची तुलना केली असता दोहोंत पुष्कळदा मेळ नसल्याचे संशोधकांना आढळले. काही विद्यार्थ्यांनी प्रयोग पद्धतशीर केला, सामग्रीचा अर्थही बरोबर लावला, परंतु तो लिहून सांगणे त्यांना जमले नाही. उलट काही विद्यार्थ्यांनी परिचित शब्द वापरून चांगले दिसणारे स्पष्टीकरण लिहिले, मात्र त्यांच्या प्रयोगात त्याला आधार नव्हता. केवळ लेखनावर गुण दिले असते तर पहिल्या गटावर अन्याय झाला असता आणि दुसऱ्या गटाची उणीव झाकली गेली असती.

हा निष्कर्ष अमेरिकेतील असला तरी त्यातील प्रश्न आपल्या राज्याला परका नाही. घरी गोंडी, कोरकू, भिली किंवा वारली बोलणारे मूल शाळेत प्रमाण मराठीतून उत्तर लिहिते. अहिराणी वा मालवणी बोलणाऱ्या मुलासही पाठ्यपुस्तकाची भाषा काहीशी दूरची वाटते. पावसाआधी मुंग्या कोठे जातात, कोणत्या झाडाची पालवी आधी फुटते, ओढ्याचे पाणी केव्हा गढूळ होते, हे यांतील कित्येक मुलांनी डोळसपणे पाहिलेले असते. परंतु उत्तरपत्रिकेत त्यांचे ज्ञान दिसत नाही आणि विज्ञानात ती कच्ची आहेत असा शेरा त्यांच्या नावापुढे पडतो. एकदा पडलेला शेरा पुढच्या इयत्तांत सोबत जातो आणि मुलाची स्वतःविषयीची धारणाही त्यानुसार घडते. कृती आणि लेखन यांचा स्वतंत्र विचार करणारी कोणतीही मूल्यमापन पद्धती, संगणकासह असो वा संगणकाविना, अशा मुलांना न्याय देण्यास साहाय्यभूत होईल.

अचूकता कशी तपासावी

एखादे साधन शाळेस देऊ करणारा विक्रेता बहुधा त्याची अचूकता टक्केवारीत सांगतो. ही टक्केवारी फसवी असू शकते. समजा, शंभर नोंदींपैकी शिक्षकाने ८० चांगल्या व २० अपुऱ्या ठरविल्या. यंत्रानेही ८० चांगल्या व २० अपुऱ्या ठरविल्या. दोघांनी चांगल्या म्हटलेल्या नोंदी ६८ आणि दोघांनी अपुऱ्या म्हटलेल्या ८ आहेत. म्हणजे ७६ नोंदींवर दोघांचे मत जुळले. ही संख्या समाधानकारक वाटते. परंतु सगळ्याच्या सगळ्या नोंदींना डोळे मिटून ‘चांगली’ म्हणणारे यंत्रही शिक्षकाशी ८० वेळा जुळले असते. ज्या २० नोंदींच्या कर्त्यांना मदतीची गरज होती, त्यांपैकी एकही त्याने ओळखली नसती.

जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६० साली सुचविलेला ‘कॅपा’ गुणांक या दोषावर उतारा म्हणून वापरला जातो. केवळ योगायोगाने जितकी जुळणी झाली असती तितकी वजा करून उरलेली जुळणी तो मोजतो. वरील उदाहरणात योगायोगाची जुळणी ६८ येते. म्हणून जास्तीत जास्त शक्य असलेल्या ३२ पैकी ८ एवढीच खरी जुळणी उरते आणि कॅपा ०.२५ होतो. पूर्ण जुळणीस तो १ आणि केवळ योगायोगास शून्य असतो. सगळ्यांना ‘चांगली’ म्हणणाऱ्या यंत्राचा कॅपा शून्यच येईल. यास्तव शाळेने नुसती टक्केवारी न विचारता, अपुऱ्या नोंदींपैकी किती ओळखल्या गेल्या आणि कॅपा किती आला, असे विचारावे. दोन शिक्षकांची आपापसांतील जुळणी किती होती हेही विचारावे. शिक्षकांतच एकमत नसेल तर यंत्राने कोणाचे अनुकरण करावे, हा प्रश्न उरतोच.

यंत्र कोठे फसते

यंत्राच्या फसगतीचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील लेस पेरेलमन यांनी काही विद्यार्थ्यांच्या मदतीने अर्थशून्य परंतु भारदस्त शब्दांचे निबंध आपोआप तयार करणारा कार्यक्रम रचला आणि २०१४ साली तो चर्चेत आला. अशा निबंधांना स्वयंचलित तपासणी प्रणालीकडून उच्च गुण मिळाल्याचे त्यांनी दाखवून दिले. शब्दांच्या बाह्य रूपावर विसंबणाऱ्या यंत्रास अर्थ आणि अर्थाचा आभास यांतील फरक कळत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. नव्या प्रतिमानांत ही त्रुटी कमी झाली असली तरी लांबलचक, ठाशीव मजकुराकडे झुकण्याची प्रवृत्ती तपासून पाहणे आवश्यक आहे.

मराठीच्या बाबतीत आणखी काही अडचणी आहेत. चंद्र, चंद्राचा, चंद्रामुळे, चंद्राविना ही एकाच शब्दाची रूपे आपणास सहज ओळखता येतात. सुटे शब्द मोजणाऱ्या यंत्रास मात्र ती चार निराळी दिसतात. ‘टेंपरेचर’, ‘टेम्परेचर’, ‘तापमान’, ‘गरमी’ हे सर्व एकाच आशयासाठी मुले लिहितात. अशा भाषेची ओळख यंत्रास व्हावी म्हणून मराठी मजकुराचे मोठे संग्रह लागतात. पुण्यातील ‘एल-३-क्यूब’ या गटाने २०२२ साली मराठी मजकुराचा एक मोठा संग्रह आणि ‘महाबर्ट’ हे मराठीसाठीचे प्रतिमान प्रसिद्ध केले, ही या दिशेने झालेली स्वागतार्ह घटना होय. तथापि त्या संग्रहात बातम्यांचा भाग मोठा आहे. वृत्तपत्राची भाषा आणि सहावीतील मुलीने ओढ्याकाठी लिहिलेली चार वाक्ये यांत बरेच अंतर असते. मुलांच्या स्वतःच्या लेखनावर शिक्षकांनी खुणा करून तयार केलेला संच हाती आल्याखेरीज मराठीतील निरीक्षणांची भरवशाची पारख यंत्राकडून होणे कठीण आहे.

गुणदान की मार्गदर्शन

येथे धोरणाचा मुख्य प्रश्न उपस्थित होतो. यंत्राच्या अंदाजाचा उपयोग गुण देण्यासाठी करावा की शिकविण्यासाठी? चूक झाली असता तिचे परिणाम दोन्ही ठिकाणी सारखे नसतात. मदतीची गरज नसलेल्या मुलाजवळ शिक्षक गेला तर दोन मिनिटे वाया जातील. परंतु चुकीच्या गुणांनी मुलाचा प्रवेश किंवा शिष्यवृत्ती हुकली तर ते नुकसान भरून येणे अवघड असते.

२०२० साली महामारीमुळे इंग्लंडमधील परीक्षा रद्द झाल्या, तेव्हा तेथील नियामक संस्थेने संख्याशास्त्रीय सूत्राने श्रेणी ठरविल्या. शाळेची पूर्वीची कामगिरी त्यात हिशेबात धरली होती. ए-लेव्हल परीक्षेतील सुमारे दोन-पंचमांश श्रेणी शिक्षकांनी कळविलेल्या श्रेणींहून खाली आल्या. तीव्र असंतोष व्यक्त झाला आणि १७ ऑगस्ट २०२० रोजी तो निर्णय मागे घेण्यात आला. ते सूत्र कृत्रिम बुद्धिमत्तेचे नव्हते. तरीही ज्याचा निर्णय विद्यार्थ्यास समजावून सांगता येत नाही अशा यंत्रणेच्या हाती त्याचे भवितव्य सोपविल्यास काय घडते, हे त्याने दाखविले. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायद्यात विद्यार्थ्यांच्या अध्ययन निष्पत्तींचे मूल्यमापन करणाऱ्या प्रणाली उच्च जोखमीच्या वर्गात घातल्या आहेत, त्यामागे अशीच जाणीव आहे.

आपल्या राज्याने २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती स्वीकारली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प यांना आकारिक मूल्यमापनात स्थान मिळाले आणि शिक्षकांकडून वर्णनात्मक नोंदींची अपेक्षा करण्यात आली. या पद्धतीचा हेतू मुलाची वाढ दाखविण्याचा आहे. खेळातील निरीक्षणांची यांत्रिक प्रतवारी जेव्हा केव्हा आपल्या शाळांत येईल, तेव्हा तिचे योग्य स्थान आकारिक मूल्यमापनाच्या शेजारी, शिक्षकाच्या हाताखाली असावे. अंतिम गुणपत्रिकेत तिला जागा देण्याची घाई करू नये.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

शाळा व्यवस्थापन समिती, पंचायत समिती किंवा जिल्हा परिषद यांच्यापुढे असे एखादे साधन आले तर पुढील प्रश्न विचारणे हितावह ठरेल.

१. यंत्रास शिकविण्यासाठी कोणत्या भाषेतील व कोणत्या वयाच्या मुलांच्या नोंदी वापरल्या? त्यांत मराठी माध्यमाच्या, विशेषतः ग्रामीण व आदिवासी भागातील मुलांच्या नोंदी होत्या काय?

२. नोंदींवर खुणा कोणी केल्या आणि त्यांचे निकष शिक्षकांना वाचावयास मिळतील काय?

३. मुलगे व मुली, निरनिराळ्या बोलींचे गट यांच्या बाबतीत यंत्राची अचूकता स्वतंत्रपणे तपासली आहे काय?

४. यंत्राचा अंदाज चुकीचा वाटल्यास तो बदलण्याचा अधिकार शिक्षकास आहे काय?

५. मुलांची माहिती कोठे व किती काळ साठविली जाते? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. त्याचे पालन कसे होणार?

६. वीज वा जोडणी नसेल त्या दिवशी आणि ज्या मुलाने पूर्वी संगणक हाताळलेला नाही त्याच्या बाबतीत काय व्यवस्था आहे? कळफलक चालविण्यातील संथपणा हा विज्ञानातील कच्चेपणा ठरता कामा नये.

संगणकाविना करता येण्याजोगे

या संशोधनातील सर्वांत उपयुक्त भाग उपकरणांच्या खरेदीवाचूनही आचरणात आणता येतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने ‘हलकं फुलकं विज्ञान’ या मालिकेद्वारे प्राथमिक इयत्तांसाठी पाहणे, करणे व बोलणे यांवर भर दिला होता. त्याच धर्तीवर शिक्षकांना पुढील उपक्रम करता येईल.

शाळेच्या आवारातील एखादे झाड, वारूळ किंवा पाण्याचे डबके निवडावे. प्रत्येक मुलाकडून तीन निरीक्षणे घ्यावीत. ज्यांना लिहिणे जड जाते त्यांनी ती बोलीभाषेत तोंडी सांगावीत आणि दुसऱ्याने उतरवून घ्यावीत. मग दोन शिक्षकांनी एकमेकांच्या खुणा न पाहता प्रत्येक नोंद वर्णन, तुलना, साम्य, अनुमान किंवा निरीक्षण नव्हे, अशा गटांत टाकावी. शेवटी दोघांनी बसून ज्या नोंदींवर मतभेद झाला त्यांचीच चर्चा करावी. ‘वारुळाच्या एका बाजूची माती ओली आहे, कारण मुंग्या ती आतून आणतात’ या नोंदीत वर्णन कोठे संपते आणि अनुमान कोठे सुरू होते, यावर घडणारी चर्चा चांगल्या प्रशिक्षण वर्गाची जागा घेऊ शकते. हा उपक्रम केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत घेतल्यास अनेक शाळांचे निकष एकमेकांजवळ येतील. पुढे कधी यंत्रास मराठी निरीक्षणे शिकवावयाची झाल्यास याच नोंदी आणि याच खुणा त्याचा पाया ठरतील.

समारोप

खेळात मुलांची जिज्ञासा जागृत होते, संगणकास त्यांची प्रत्येक कृती टिपता येते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेस शेकडो नोंदींतून लक्ष देण्याजोग्या नोंदी वेगळ्या काढता येतात. ही साधने शिक्षकाचा वेळ वाचवितील व त्याची दृष्टी मागील बाकांपर्यंत पोहोचवितील. परंतु चांगले निरीक्षण कशास म्हणावे हे शिक्षकांनी आधी ठरविले पाहिजे, आपापसांत तपासून पाहिले पाहिजे आणि विद्यार्थ्यांना समजेल अशा शब्दांत सांगितले पाहिजे. जे मूल पाहते परंतु लिहू शकत नाही, ते या नव्या व्यवस्थेत ओळखले जाते की पुन्हा एकदा नजरेआड होते, यावरून तिचे मोल ठरवावे. शिक्षक, पालक आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य यांनी ही कसोटी हाती धरली तर नव्या तंत्राचा लाभ ग्रामीण शाळेतील शेवटच्या मुलापर्यंत पोहोचविणे अवघड नाही.